विश्लेषण : मुलांना मुंबई दाखवायची, पण भर दुपारी न्यायचे कुठे?

मे महिना लागला की पवईतल्या घरांत दोन उलट्या गोष्टी घडतात. काही कुटुंबे सातारा, रत्नागिरी, जळगावकडे गावी निघतात आणि काहींच्या घरी गावाकडचीच मुले मुंबई बघायला येतात. ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांचे गाव आता फक्त कागदोपत्री उरले आहे किंवा ज्यांना परगावच्या सहलीचा खर्च झेपत नाही, त्यांची सुट्टीही मुंबईतच जाते. मग राणीची बाग, कान्हेरी, घारापुरी, विज्ञान केंद्र, म्युझियम अशी यादी होते. यादी करणे सोपे असते. ती फसते दुपारी एकच्या सुमारास, रांगेत किंवा बसथांब्यावर, पाण्याची बाटली रिकामी झालेली आणि धाकटे मूल खांद्यावर झोपलेले असताना. ही फसगत पालकांच्या नियोजनामुळे होते, की शहराच्या वेळापत्रकामुळे?

अडचण नेमकी कुठे येते?

राज्य मंडळाच्या मुंबईतील शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. मुंबईतील सर्वांत दमट आणि घामट दिवस हेच. दिवाळीची सुट्टी हवामानाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी, पण ती थोडक्या दिवसांची आणि सणाच्या धावपळीत संपणारी. त्यामुळे मुलांना शहर दाखवण्यासाठी मोकळे दिवस मिळतात ते नेमके बाहेर पडू नये अशा महिन्यात.

या महिन्यात मुंबईत सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातनंतर होतो. म्हणजे मुलांना बाहेर नेण्यासारखे तास सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. आता शहरातील ठिकाणांच्या वेळा पाहू. राणीची बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्रही दहाच्या आसपास सुरू होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास ही ठिकाणे बंद होतात. बहुतेक महत्त्वाची ठिकाणे ऊन चढल्यावर उघडतात आणि वारा सुटल्यावर बंद होतात. वस्तुसंग्रहालय आणि विज्ञान केंद्राला निदान छत आहे. राणीच्या बागेसारख्या उघड्यावरच्या ठिकाणी मात्र हे वेळापत्रक मुलांच्या विरोधात जाते.

तापमान तर ३४ अंशच असते, मग इतकी काळजी का?

विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे मुंबईच्या ३३-३४ अंशांकडे पाहुणे हसून पाहतात. पण शरीर थंड होते ते घाम येऊन नव्हे, तर आलेला घाम वाळून. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता वाहतो. सावलीत ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला जाणवणारी उष्णता ४२ अंशांच्या आसपास जाते. उन्हात उभे राहिले तर त्याहून अधिक.

भारतीय हवामान विभागाचे निकषही हा फरक मानतात. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंश आहे आणि त्याबरोबर तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. मुंबईत समुद्राकडून येणारे वारे दुपारच्या आधी वाहू लागले तर पारा आटोक्यात राहतो. ते उशिरा आले की तापमान झपाट्याने वाढते. कागदावर लाट नसली तरी दमटपणाचा त्रास असतोच, हे मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवायला हवे.

लहान मुलांचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभागाचे असते. ते बाहेरची उष्णता लवकर घेते. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि खेळण्याच्या नादात तहान लागल्याचे ती सांगत नाहीत. कडेवर किंवा बंद बाबागाडीत असलेल्या बाळाला तर सांगताच येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यासाठी उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला होता. ते सगळे मुंबईलगतच्या याच दमट हवेत बसले होते. गर्दी, ऊन, पाण्याची वानवा आणि उठून सावलीत जाण्याची सोय नसणे या चार गोष्टी एकत्र आल्या तर काय होते, ते त्या दिवशी दिसले. सुट्टीतल्या रांगेचे स्वरूप लहान असले तरी घटक तेच असतात.

कोणत्या वारी कुठे जायचे?

मुंबईत सहलीचा पहिला प्रश्न ‘कुठे’ नसून ‘कोणत्या वारी’ हा असतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते आणि कान्हेरी लेणी उद्यानाच्या आतच असल्याने तीही त्या दिवशी पाहता येत नाहीत. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. राणीची बाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते. बागेच्या आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयही बुधवारी बंद असते.

रविवारी सगळे उघडे असते, पण त्याच दिवशी उपनगरी रेल्वेच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वेच्या ब्लॉकची सर्वाधिक झळ सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत बसते. म्हणजे कांजूरमार्गहून सकाळी भायखळ्याला गेलेले कुटुंब नेमके परतीच्या वेळी अडकते. ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे शनिवारच्या अंकात छापून येते. ते पाहिल्याशिवाय रविवारचा बेत ठरवू नये.

रजा मिळणे शक्य असेल तर मंगळवार, गुरुवार, शुक्रवार हे दिवस सर्वांत सोयीचे. आई आणि वडील दोघे नोकरीत असतील तर दोघांनी एकाच आठवड्याची रजा टाकण्यापेक्षा आळीपाळीने एकेक दिवस घेतल्यास मुलांच्या वाट्याला तीन-चार निवांत सकाळी येतात. रजा शक्यच नसेल तर शनिवार निवडावा.

पवईहून कुठे आणि कसे जाता येईल?

पवईला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जेव्हीएलआरवरून, कांजूरमार्ग, विक्रोळी किंवा अंधेरी गाठणे हाच वर्षानुवर्षांचा मार्ग. याच रस्त्यावरून जाणाऱ्या मेट्रो ६ चे काम सुरू असल्याने प्रवासाला लागणारा वेळ सांगणे अवघड. पवई तलाव महापालिका मुख्यालयापासून सुमारे २७ किलोमीटरवर आहे. फोर्टमध्ये मुलांना न्यायचे तर जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. लहान मुलांच्या सहलीत हे अंतरच सर्वांत महाग पडते.

यात अलीकडे एक मोठा बदल झाला आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. एकूण ३३.५ किलोमीटरचा हा मार्ग आरे जेव्हीएलआर स्थानकातून सुरू होतो. पवईहून बस किंवा रिक्षाने तिथवर पोहोचले की पुढचा प्रवास जमिनीखालून आणि वातानुकूलित डब्यातून होतो. याच मार्गावर ‘सायन्स सेंटर’ आणि ‘हुतात्मा चौक’ ही स्थानके आहेत. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि फोर्टमधील वस्तुसंग्रहालय ही छताखालची ठिकाणे आता पवईच्या मुलांना उन्हात न होरपळता गाठता येतात. गावाहून आलेल्या मुलांसाठी तर भुयारी रेल्वे हीच अर्धी सहल असते.

नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. तिथली उपकरणे हाताळून पाहायची असल्याने सहा-सात वर्षांपुढची मुले दोन-तीन तास सहज रमतात. उन्हात असलेले बाहेरचे विज्ञान उद्यान आधी आणि दालने नंतर, असा क्रम ठेवावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे आणि तिथे मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालयही आहे. सगळी दालने दाखवण्याचा अट्टहास केला की मुले कंटाळतात. दोन दालने आणि मुलांचे संग्रहालय एवढे एका फेरीला पुरे.

राणीच्या बागेसाठी कांजूरमार्ग किंवा विक्रोळीहून धीम्या लोकलने भायखळा गाठता येते. ही बाग एकोणिसाव्या शतकातील, मुळात वनस्पती उद्यान म्हणून वाढवलेली. त्यामुळे तिथली जुनी झाडे हीच तिची मोठी संपत्ती. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणल्यावर गर्दी वाढली. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार आई-वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुले अशा चौघांना मिळून १०० रुपये तिकीट आहे. मुंबईतील सहलींत इतके स्वस्त दुसरे काही क्वचितच सापडेल. पेंग्विनचे दालन १६ ते १८ अंशांवर ठेवलेले असते, पण त्यासाठीची रांग मेच्या हवेत उभी असते. म्हणून बाग उघडताच आधी पेंग्विन, मग झाडांच्या सावलीतून बाकी प्राणी आणि बारापूर्वी परतीची वाट, हा क्रम योग्य.

लेण्यांना जायचे तर कान्हेरी की घारापुरी?

दोन्ही ठिकाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत आहेत आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लेण्यांचे प्रवेशशुल्क नाही. पवईकरांसाठी मात्र लहान मुलांसह कान्हेरी अधिक सोयीची. जेव्हीएलआरवरून पश्चिम द्रुतगती महामार्गावर जाऊन बोरिवलीचे प्रवेशद्वार गाठता येते. मेट्रो ७ चे ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकही जवळच आहे. उद्यान सकाळी साडेसातच्या सुमारास पर्यटकांसाठी उघडते. शहरातील इतर ठिकाणांच्या तुलनेत दोन तास आधी मिळालेली ही सकाळ मोलाची. प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत. लहान मुलांना चालत नेण्याचा विचार करू नये.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे तिथे खोदकाम आणि वस्ती होती. मुलांना शिल्पांइतकीच गंमत वाटते ती पाण्याच्या पोढ्यांची. भिक्खूंनी कातळात चर खोदून पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत साठवले. नळ नसताना डोंगरावर माणसे कशी राहिली, याचे उत्तर तिथे डोळ्यांना दिसते. मात्र दहानंतर हाच कातळ तापू लागतो. साडेसातला आत आणि साडेदहाला खाली, एवढाच वेळ मेमध्ये हाताशी असतो.

घारापुरीसाठी गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे तासभर लागतो आणि वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. १९८७ पासून जागतिक वारसा असलेले हे स्थळ पाहण्यासारखेच आहे, पण पवईहून निघून घरी परतेपर्यंत पूर्ण दिवस जातो. ते थंडीत करावे. लाँचमध्ये बसताच प्रत्येक मुलाच्या अंगावर मापाचे जीवरक्षक जाकीट चढले आहे ना, हे पाहणे ही पालकांची आणि लाँचचालकांची दोघांची जबाबदारी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर जाकिटांबाबत सक्ती झाली. सक्ती सैल पडलेली दिसली तर त्या लाँचमध्ये न बसणे हाच शहाणपणा.

घराजवळच्या पवई तलावाचे काय?

तलाव दारात असताना लांब कशाला जायचे, हा प्रश्न रास्त आहे. महापालिकेच्या नोंदींनुसार हा तलाव १८९० मध्ये बांधून पूर्ण झाला. पाण्याचा दर्जा पिण्यायोग्य ठरला नाही, म्हणून आज त्याचे पाणी औद्योगिक आणि इतर वापरासाठी जाते. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असते. शेजारचा विहार तलाव १८६० मधला. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते त्याच्यापासून. आजही शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या सात तलावांत विहार आणि तुळशी आहेत, पवई नाही. पवई आणि विहार ओसंडले की ते पाणी मिठी नदीत जाते आणि माहीमच्या खाडीला मिळते. शाळेच्या पुस्तकातील पाणलोट, धरण, नदी, खाडी हा सगळा धडा पवईतील मुलाला घराजवळ पाहता येतो.

या तलावात मगरी आहेत. काठावरून त्या दिसणे ही पर्वणी असली तरी पाण्यात उतरणे, काठावर खेळणे किंवा मासे धरायला मुलांना पुढे जाऊ देणे धोक्याचे आहे. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यालगतच्या पदपथावरून बगळे, पाणकावळे, पाणकोंबड्या दाखवणे हा बिनखर्चाचा आणि सुरक्षित बेत.

तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधण्याचे महापालिकेने ठरवले होते. आयआयटीच्या विद्यार्थ्यांसह पर्यावरणप्रेमींनी त्याला आव्हान दिले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकण्याचे व जागा पूर्ववत करण्याचे आदेश दिले. पाणथळ जागेत भराव नको, हा त्या निकालाचा अर्थ. त्याचा अर्थ मुलांना तलाव नको असा नाही. पाण्यात भर न घालताही काठावरील पदपथावर सावलीची झाडे, बसायला बाक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय देता येते. मुलांना घेऊन आलेल्या आईला सायकलमार्गापेक्षा या चार गोष्टींची गरज अधिक असते.

दुपारी काय करायचे?

सकाळ आणि संध्याकाळ कशीबशी जमते. खरा पेच बारा ते चारचा. घरात वातानुकूलन असेल, मोठी खोली असेल तर झोप, पत्ते, कॅरम, वाचन यांत दुपार निघून जाते. नसेल तर पालक मॉल किंवा गेमझोनकडे वळतात. तिथे गारवा मिळतो, पण तो विकत घ्यावा लागतो. एका दुपारचा खेळ आणि खाणे यांचा खर्च राणीच्या बागेच्या चौघांच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतो.

पवईत हा फरक ठळक दिसतो. एका बाजूला तरणतलाव आणि क्लबहाऊस असलेल्या इमारती, दुसऱ्या बाजूला फिल्टरपाडा, मोरारजी नगर आणि टेकडीच्या उतारांवरील पत्र्याच्या छपरांची घरे. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत बसणे बाहेरच्या उन्हापेक्षा फारसे सुखाचे नसते. तिथल्या मुलांची सुट्टी गल्लीत, रस्त्यालगत किंवा तलावाच्या काठी जाते. शहरातील सावली पैशांवर ठरू लागली की सर्वाधिक ऊन सर्वांत लहान आणि सर्वांत गरीब मुलांच्या वाट्याला येते.

महापालिकेच्या जलतरण तलावांतील उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे हा एक चांगला पर्याय आहे. विक्रोळीचे टागोर नगर आणि अंधेरी पूर्वेचे कोंडिविटा येथील तलाव पवईपासून फार दूर नाहीत. जागा मर्यादित असल्याने नोंदणीकडे एप्रिलपासूनच लक्ष ठेवावे लागते. तीन आठवड्यांत पोहायला शिकलेले मूल ही सुट्टीची कायमची कमाई ठरते.

निघताना कोणती काळजी घ्यावी?

एका दिवशी एकच मुख्य ठिकाण, हा पहिला नियम. सकाळी बाहेर, दुपारी छताखाली, संध्याकाळी घराजवळ, असा दिवस आखावा. दहा वर्षांच्या आणि चार वर्षांच्या मुलांचे वेळापत्रक एक नसते. बेत धाकट्याच्या ताकदीने ठरवावा आणि थोरल्याला नकाशा पाहणे, तिकिटे सांभाळणे, पुढचे स्थानक सांगणे अशी कामे द्यावीत.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट द्यावे. ताक, पन्हे, कोकम सरबत घरून नेणे उत्तम. जीवनरक्षक क्षारांची पुडी, म्हणजे ओआरएस, सोबत असावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण. बर्फाच्या गोळ्याचा हट्ट झाला तर बर्फ कुठला हे विचारावे. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिले होते. पण निळा नाही म्हणून बर्फ शुद्धच, असे समजू नये.

मूल अचानक गप्प झाले, चिडचिड करू लागले, डोके दुखते म्हणाले, उलटी झाली किंवा लघवी गडद आणि कमी झाली तर सहल तिथेच थांबवावी. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा. अंग भाजल्यासारखे तापले असेल, मूल गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

गर्दीत मूल हरवण्याची भीतीही खरी. मुलाच्या मनगटावर किंवा खिशातील चिठ्ठीवर पालकाचा मोबाइल क्रमांक लिहावा. सकाळी निघताना सगळ्यांचे एक छायाचित्र काढावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे सांगता येतात. लोकलमध्ये चढण्यापूर्वी ‘चुकामूक झाली तर पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे’ हे मुलांकडून वदवून घ्यावे. १०९८ हा मुलांसाठीचा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक मोठ्या मुलांना पाठ असावा. लोकलमध्ये पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि १२ वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट लागते. कार्यालयीन गर्दीच्या वेळा टाळल्या तरच हा प्रवास मुलांच्या लक्षात चांगल्या अर्थाने राहतो.

पाऊस लवकर आला तर?

मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यावर बेत टाकून ठेवणाऱ्यांची त्या वर्षी पंचाईत झाली. म्हणून उघड्यावरची ठिकाणे मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि छताखालची नंतर, अशी मांडणी करावी. पाऊस सुरू झाल्यावर समुद्र खवळला की लाँच बंद होतात. भरतीच्या वेळी चौपाटीवर मुलांना पाण्यात सोडू नये. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, विशेषतः पायाला जखम असेल तर. जुलैमध्ये बहुधा पवई तलाव भरून वाहतो. तोवर शाळा सुरू झालेली असली तरी एखाद्या रविवारी ते दृश्य सुरक्षित अंतरावरून दाखवणे, ही सुट्टीनंतरची सुट्टीच.

शहराने काय करायला हवे?

हे सगळे नियोजन पालक करू शकतात आणि अनेक जण करतातही. पण सावली, पाणी, शौचालय आणि उघडण्याची वेळ या गोष्टी घरून नेता येत नाहीत. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि वाढती उष्णता हा त्यातील एक धोका मानला. त्याआधी २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा आणला होता. या आराखड्यांची कसोटी मेच्या दुपारी एखाद्या मुलाला बसायला जागा मिळते का, यावर लागते.

स्पेनमधील बार्सिलोनाने २०२० पासून ग्रंथालये, शाळा, वस्तुसंग्रहालये आणि उद्याने यांचे ‘हवामान निवारे’ म्हणून जाळे उभारायला सुरुवात केली. कोणीही यावे, विनामूल्य बसावे, पाणी प्यावे, असा त्यांचा उद्देश. मुंबईला त्यासाठी नव्या इमारती बांधाव्या लागणार नाहीत. महापालिकेच्या शाळा उपनगरांतील जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना पक्के छत, पंखे, पाणी, शौचालये आणि पटांगणे आहेत. आणि ज्या महिन्यात मुलांना या सगळ्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच महिन्यात या इमारतींची दारे मुलांसाठी बंद असतात. प्रत्येक प्रभागात एक शाळा मे महिन्यात बारा ते चार उघडी ठेवली, तिथे पुस्तके, बैठे खेळ आणि एक जबाबदार माणूस दिला, तर फिल्टरपाड्यातील मुलाची आणि गावाहून पाहुण्या आलेल्या मुलाची दुपार एकाच छताखाली जाईल. सुरक्षारक्षक, साफसफाई आणि देखरेख यांचा खर्च येईल, हे खरे. पण सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत तो नगण्य असेल.

दुसरे काम त्याहून सोपे. राणीची बाग मेपुरती सकाळी सातला उघडावी, दुपारी दोन-तीन तास प्राण्यांनाही विश्रांती द्यावी आणि संध्याकाळी अधिक वेळ खुली ठेवावी. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलाव्या लागतील, ज्यादा मनुष्यबळ लागेल, पण नवे बांधकाम लागणार नाही. राष्ट्रीय उद्यान साडेसातला उघडू शकते, तर बागेलाही ते अशक्य नसावे.

पालकांनी वार, वेळ आणि पाण्याची बाटली सांभाळावी. सुट्टी शाळेच्या वेळापत्रकाने मिळते, ती सुखाची जाईल की नाही हे शहराच्या घड्याळावर ठरते. ते घड्याळ मे महिन्यापुरते दोन तास पुढे सरकवणे आणि प्रत्येक वस्तीत दुपारचे एक छत उघडे ठेवणे, एवढे केले तरी मुंबईत राहिलेल्या मुलांना आपण सुट्टीत कुठेच गेलो नाही असे म्हणावे लागणार नाही.